तीसपैकी एकोणतीस

४ जानेवारी

चि. रेक्टरबाईस,
अ. आ. (तुझ्या वयाला आता आशीर्वाद शोभत नाहीत, पण माझं मोठेपण सुटत नाही.)

चाचणी फुकट मिळाली, असं आमचे धाकटे मालक, म्हणजे चिरंजीव, सगळ्यांना सांगत फिरतात. खरा हिशेब मी कळवतो. एक नवा चष्मा, कारण जुन्यातून बारीक अक्षर दिसेना. एका रविवारची अख्खी सकाळ. जेवणाच्या टेबलाचा एक पाय, जो माझ्याच लाथेने निखळला आणि मलाच पुन्हा ठोकावा लागला. शिवाय बापलेकातलं बोलणं आठवडाभर तुझ्या वहिनीमार्फत चाललं होतं. मी इकडून सांगायचं, तिने तिकडे पोचवायचं, आणि मधल्या मधे निम्मं गळायचं. एवढं सगळं घालून चाचणी फुकटात पडली.

प्रकरण असं. मी पास केलेल्या दोन मोटारी परत आल्या. इतकी वर्षं पंपांच्या, पंख्यांच्या जळक्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देतोय, दोन परत आल्या म्हणून छप्पर कोसळत नाही. पण मालकांच्या डोक्यात किडा शिरला. आपल्याकडची पद्धत तू पाहिली आहेस. मोटार कुणीही भरो, शेवटी ती बेंचावर चालू करायची, स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि मी ऐकायचं. मग खडूने बरोबरची खूण. लोकांच्या जिन्याखाली स्टूल टाकून बसलो होतो तेव्हापासूनची ही खूण आहे, आणि गिऱ्हाईक अजून तीच बघून पैसे मोजतं. आता पोराचं म्हणणं, खडू त्याच्याकडे द्यावा. बाबा विसरायला लागलेत, ऐकतात आणि काय ऐकलं तेच विसरतात. हे मला नाही सांगितलं, आईला सांगितलं.

मग तो दवाखान्यातून एक पुस्तिका घेऊन आला. घरच्या घरी करायची चाचणी. तारीख-वार लिहा, घड्याळ काढून पावणेचार वाजवा, पाच शब्द वाचून झाकून ठेवा आणि नंतर आठवा, शंभरातून सात-सात वजा करत उतरा. एकूण तीस गुण. महिन्याला एक पान, अशी चार पानं, आणि सव्वीसच्या खाली आलात तर डॉक्टरांना भेटा. गुण आपले आपण मोजले तरी चालतात असं त्यात छापलंय. मी म्हटलं, आपल्याकडे हे चालायचं नाही. ज्याने मोटार भरली त्याने तपासायची नाही, हा आपल्या वर्कशॉपचा नियम आहे, तोच घरात. म्हणून उत्तरांचं कार्ड दिलं तुझ्या वहिनीच्या हातात. पोरगाही लगेच कबूल झाला. आईच्या हातून लबाडी होणार नाही, एवढ्या एका गोष्टीवर आमचं एकमत आहे. चारही महिने सव्वीसच्या वर राहिलो तर खडू माझा आणि विषय बंद. एकदा जरी खाली घसरलो तर खडू त्याचा.

गुण पडले एकोणतीस. कारखान्यातल्या पोरांना सांगितलं, समोरच्या चहावाल्याला सांगितलं, बँकेतल्या त्या तोंड वाकडं करणाऱ्या बाईलाही सांगितलं. तूही चार जणींना सांग.

फोन करणार होतो, पण हल्ली फोनवर सगळे पुटपुटतात. तुझं अक्षर तरी ठणठणीत आहे. उत्तर लांबलचक लिही म्हणजे लोभ मोजता येईल.

तुझा,
दादा


१५ जानेवारी

ती. दादास,
सा. न. (साष्टांग गुडघ्यांना परवडत नाही, तेव्हा नुसता नमस्कार धरून चाल.)

एकोणतीस गुणांबद्दल अभिनंदन. चार जणींना सांगितलं. त्यातल्या दोघी विसरल्या, एकीने तू कोण म्हणून विचारलं.

मी मुलींच्या वसतिगृहात आयुष्य काढलं. रात्री साडेआठच्या हजेरीला सगळ्याच्या सगळ्या मुली खोलीत हजर आहेत असं कुणी सांगितलं, की मी मागच्या दारी जाऊन उभी राहायचे. तेव्हा सवयीने विचारते, तो एक गुण गेला कुठे? घड्याळात, शब्दांत, की वजाबाकीत? लहानपणी वजाबाकी तू माझ्याकडून करून घ्यायचास, ते मी विसरलेले नाही. माझी चाचणी न घेताही मी पास आहे.

दुसरं म्हणजे, तुझ्या पत्राच्या शेवटी वहिनी नेहमी आपल्या हाताने दोन ओळी लिहायची. तू लिहिलेलं निम्मं कसं खोटं आहे ते त्यात असायचं, आणि खरं सांगायचं तर पत्र मी त्या ओळींसाठीच उघडायचे. या वेळी नाहीत. मागच्या पत्रातही नव्हत्या, त्याच्या मागच्याही नसाव्यात. माझ्यावर रागावली आहे का? तसं असेल तर तिला म्हणावं, कारण कळव, मी कबूल करून टाकते.

माझं बरं चाललंय. वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही म्हणून मालकाने नवा पंप बसवला, तो रात्रभर दळण दळल्यासारखा आवाज करतो. तू असतास तर खालच्या दारातूनच त्याचा आजार सांगितला असतास.

पोराशी भांडू नकोस. त्याची बोलायची पद्धत वाईट आहे, पण ती त्याने कुठून घेतली हे मला विचारू नकोस.

माया आहेच, ती आणखी वाढवायला माझी हरकत नाही.

तुझी धाकटी


९ फेब्रुवारी

चि. रेक्टरबाईस,
अ. आ.

तुझ्या मागच्या दारी उभं राहण्याच्या सवयीचं उत्तर आधी देतो. एक गुण कुठे गेला हे मी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, पैकीच्या पैकी दिले असते तर पोराला संशय आला असता. यावर मी पोट धरून हसलो. बघ, तपासणारा असा हवा. या महिन्यातही एकोणतीस, आणि तिने एक गुण त्याच हिशेबाने कापला.

तिचा तुझ्यावर अजिबात राग नाही. मी कागद पुढे केला होता, तिने पेन हातात घेतलं, मग म्हणाली, तुम्ही लिहिलंय त्यात सगळं आलं. उलट तुला एक आनंदाची बातमी देतो: तुझी वहिनी इतक्या वर्षांनी शहाणी झाली. पूर्वी मी दहा वाक्यं बोललो तर नऊ वेळा आडवी यायची. आता बरोबर आहे तुमचं म्हणते आणि पुढे चालू लागते. तिच्या बहिणीच्या घरच्या भांडणातसुद्धा मी दोष कुणाचा ते सांगितलं आणि तिने मान डोलावली. घर कसं तेल घातल्यासारखं चाललंय. म्हातारपणी एवढं सुख मिळणार हे ठाऊक असतं तर लवकर म्हातारा झालो असतो.

आणखी एक मोटार परत आली, बर्फाच्या कारखान्याची. मी पास केली तेव्हा तिचा आवाज लोण्यासारखा होता. आमचे मालक हल्ली स्वस्तातली बेअरिंग आणतात, त्याला मी काय करू? त्याने आता थरथर मोजायचं एक यंत्र आणलंय. मोटारीला चिकटवायचं आणि आकडे वाचायचे. मी त्याला सर्वांदेखत सांगितलं की ज्या दिवशी माझ्या कानाला न कळलेली खोट तुझ्या यंत्राला कळेल, त्या दिवशी खडूच काय, बेंचही घेऊन जा. पोरं हसली. तो नाही हसला. यंत्र उचलून आत गेला.

तुझ्या पंपाचं बाहेरचं बेअरिंग गेलंय. पत्रातूनच ऐकू आलं.

मार्चमध्ये ये. तिसऱ्या परीक्षेला साक्षीदार म्हणून बस. तुझी खोली झाडून ठेवतो आणि लोभ त्यातच ठेवतो.

तुझा,
दादा


२० फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मी पत्र लिहितोय याचं तुला नवल वाटेल. फोनवर बोललो तर आईच्या कानावर जातं आणि ती बाबांना लगेच सांगते.

आत्या, तू ये. बर्फाच्या कारखान्याचं काम गेलं. बाबांनी खूण केलेली मोटार तिथे दुसऱ्याच दिवशी जाम झाली. ती बेंचावर चालू होती तेव्हा मी वर्कशॉपच्या दुसऱ्या टोकाला उभा होतो, तिथून मला तिची किरकिर ऐकू येत होती. मी बोललो नाही, कारण तोवर खडूची खूण झाली होती आणि खूण पुसायची हिंमत आमच्याकडे कुणालाच नाही. म्हणजे ऐकूनही ते विसरले, दुसरं काय असणार? आणि चाचणीत मात्र दर महिन्याला एकोणतीस. मी खडू मागू तरी कशाच्या जोरावर? गुण आईने दिलेत. बाबांच्या शब्दावर मी एक वेळ शंका घेईन, आईच्या नाही.

मला खडूचा सोस नाही. माझ्याकडे सहा माणसं कामाला आहेत, त्यांची घरं आहेत, एवढंच. बाबांना वाटतं मी त्यांना खुर्चीवरून उठवतोय. गेल्या आठवड्यात त्यांनी सगळ्या पोरांसमोर माझी टर उडवली. ते असू दे.

आईलाही या सगळ्याचा फार ताण आलेला दिसतो. जेवलास का म्हणून सकाळपासून तीन-तीनदा फोन करते. मी जेवलो म्हणतो, आणि थोड्या वेळाने पुन्हा फोन. बाबांची काळजी तिला आत कुरतडत असावी.

तुझ्या शब्दाला ते मान देतात. म्हणजे माझ्यापेक्षा जास्त देतात. तू येशील या आशेवर थांबतो.

तुझा भाचा


२ एप्रिल

ती. दादास,
सा. न.

सुखरूप पोचले. तुझ्याकडे तीन आठवडे राहिले आणि जे सांगायचं ते न सांगताच निघाले. स्टेशनवर तू खिडकीशी उभा होतास तेव्हा तोंड उघडलं होतं. तू म्हणालास, मोठ्याने बोल, गाडीचा गोंगाट आहे. मोठ्याने बोलण्यासारखं ते नव्हतं. म्हणून लिहिते.

तिसरी चाचणी तू माझ्यादेखत दिलीस, वहिनीने कार्ड घेऊन गुण दिले, एकोणतीस झाले आणि तू सगळ्या गल्लीत ते वाटलेस. त्यानंतर दोन दिवसांनी दुपारी तू वर्कशॉपमध्ये असताना चौथं पान मी फाडून घेतलं. मला वहिनीची गंमत करायची होती. घड्याळात मी दहाच आकडे काढले आणि काटा एकच. साल माझ्या मॅट्रिकचं घातलं. पाच शब्दांपैकी दोन लिहिले, उरलेल्या जागी तुझी आणि माझी टोपणनावं. शंभरातून सात वजा करून एकशेसात केले. वाटलं, वहिनी पहिल्याच ओळीला चष्मा खाली सरकवून माझ्याकडे बघेल आणि तिच्या त्या जुन्या सुरात माझी सालटी काढेल.

तिने शेजारी कार्ड ठेवलं. एकेका उत्तरापुढे बरोबरची खूण करत गेली, तू मोटारींवर करतोस तशीच, न थांबता. खाली बेरीज लिहिली, एकोणतीस.

मी हसून वाट बघत राहिले. ती काही हसली नाही. मग मी घड्याळावर बोट ठेवून विचारलं, हे बरोबर आहे का? तिने घड्याळाकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं. दादा, ती माझ्या तोंडावर उत्तर शोधत होती. मग म्हणाली, “तुम्ही दोघं भावंडं कधी कशात चुकलात का?”

उत्तर इतकं झकास होतं की मीही फसले असते. वसतिगृहात अशा उत्तरांवर मुली महिनोन्‌महिने माझ्या नाकाखालून निसटायच्या. मी पेन तिच्या हातात दिलं आणि सहज म्हटल्यासारखं म्हटलं, तूच काढून दाखव पावणेचार. तिने पेन खाली ठेवलं, वाळलेले कपडे काढायचे राहिलेत म्हणाली आणि गच्चीवर गेली. बऱ्याच वेळाने मी वर गेले. दोरीवर कपडे नव्हते. ती ओंजळभर चिमटे घेऊन उभी होती, आणि मला बघून तिला इतकं हायसं वाटलं की मी चिमटे तिच्या हातातून घेतले आणि तिला हाताला धरून खाली आणलं.

त्यानंतर मी तुमच्या घरात मागच्या दारी उभी राहिले. ती तुला बरोबर आहे म्हणते, पोराला बरोबर आहे म्हणते, दूधवाल्याला बरोबर आहे म्हणते. तुला वाटतं ती शहाणी झाली. तिला काय विचारलं तेच पुष्कळदा कळत नसतं, आणि बरोबर म्हटलं की माणूस पुढे काही विचारत नाही, एवढं तिला पक्कं कळलंय.

तुझे गुण किती आहेत ते मला ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही. पण खडूचं भांडण तूर्त बाजूला ठेव आणि तिला दवाखान्यात ने. पोराला मी काही बोललेले नाही, ते तुझ्या तोंडून जावं.

रागावशील. रागावून झालं की लिही.

तुझी धाकटी


८ एप्रिल

रेक्टरबाईस,

आशीर्वाद जागेवर आहेत, पाठवत नाही.

तिने तुझी मस्करी केली. तू तिची करायला गेलीस, तिने तुझी केली, आणि तुला ती पचली नाही. माझं घर जिने उभं केलं तिची परीक्षा तू माझ्याच टेबलावर, माझ्या पाठीमागे घेतलीस. पोराने तुला बोलावून घेतलं हे मला कळलंय. बापाला वेडा ठरवता येईना म्हणून आता आईला ठरवायचं, म्हणजे तिने दिलेले गुण आपोआप बाद. डाव चांगला आहे. त्यात तू कशाला पडलीस?

तू एकटी राहतेस. जन्मभर दुसऱ्यांच्या मुलींच्या पेट्या उघडून बघितल्यास. तुला प्रत्येक घरात काहीतरी लपवलेलं दिसणारच.

ती काल मला म्हणाली, वन्सं फार दिवसांत आल्या नाहीत. तुझ्या वागण्याने एवढी दुखावली आहे की तुझं येणंसुद्धा धरत नाही.

लोभ सध्या दुरुस्तीला टाकलाय. झाला की कळवीन.

दादा


१९ मे

चि. बाईस,
अ. आ. मागचे राहिलेलेही यातच धर.

मागच्या पत्रातलं ‘वन्सं फार दिवसांत आल्या नाहीत’ हे तिचं वाक्य लिहून पाकीट चिकटवलं आणि मग मला ते ऐकू आलं. तरी पाकीट टाकलं. तेवढा माज होता.

नवा माणूस कामावर घेतला की मी त्याच्या पुढ्यात मुद्दाम बिघडलेली मोटार ठेवतो. त्याने ती पास केली तर त्याला परत पाठवतो. पुस्तिकेचं चौथं पान तू खराब केलं होतंस, म्हणून पोराला दुसरी प्रत आणायला लावली. कशाला ते सांगितलं नाही. एका संध्याकाळी टेबलाशी बसून मी ते पान बिघडवलं. घड्याळाला काटे काढले नाहीत, तारीख रिकामी ठेवली, शब्दांच्या जागी रेघोट्या मारल्या. आणि तिच्या पुढ्यात ठेवलं.

तिने एकोणतीस दिले.

मी कागद घडी करून खिशात घातला. तेव्हा तिने माझा हात धरला आणि विचारलं, “आता खडू तुमच्याकडेच राहील ना?”

कालचं जेवण तिला आठवत नाही, तुझं येऊन गेलेलं आठवत नाही. पण खडू तिच्या डोक्यात पक्का बसलाय. चार महिने ती तेवढंच धरून बसली होती. आणि मी गल्लीभर एकोणतीस वाटत होतो.

तिघं दवाखान्यात गेलो. तिथे एक मुलगी समोर बसवून प्रश्न विचारते. प्रत्येक प्रश्नाला तुझी वहिनी माझ्याकडे बघायची, म्हणून मला बाहेर बसवलं. दाराला काच होती. आत ती मान डोलावत होती, बरोबर, बरोबर. अकरा गुण झाले.

डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून? मी म्हणालो, हल्लीच. पोरगा म्हणाला, आता मागचं आठवतो तर दोन वर्षं सहज. मग ती स्वतः म्हणाली, अगदी शांतपणे, की मी यांना सांगितलं होतं, डोक्यात मधेच रिकामं होतं म्हणून, मोरीशी भांडी घासताना दोनदा सांगितलं होतं. मला असं काही सांगितल्याचं आठवत नाही. तिने सांगितलंच नसेल आणि तिला सांगितल्यासारखं वाटत असेल, हे त्या आजारात होतं म्हणे. डॉक्टरही तसंच म्हणाले. पोरगा चिठ्ठी घेऊन गोळ्या आणायला गेला. मी त्या बोलण्यावर समाधान मानून घरी आलो.

गोळ्या सुरू केल्यात. त्यांनी बरं होत नाही, नुसतं बिघडणं सावकाश होतं. घड्याळाखाली मोठ्या अक्षरात वार लिहून ठेवतो. परवा ती माझ्याशी भांडली, टेबल मी चुकीच्या बाजूला सरकवलं म्हणून. टेबल कुणी हलवलेलं नव्हतं. तरी मी ते सरकवून दिलं आणि तिने पुन्हा जागेवर आणवलं. तेवढ्या वेळात घर पूर्वीसारखं वाटलं.

तू मागच्या दारी उभी राहतेस ते बरं करतेस. जूनमध्ये ये. तिला मी रोज सांगतो की तू येणार आहेस, आणि तिला रोज नव्याने आनंद होतो. लोभ दुरुस्त होऊन आलाय, खूण मात्र तू तपासून कर.

तुझा,
दादा

ता. क. दवाखान्यात त्यांनी मलाही बसवलं. स्मरणशक्तीचे गुण पडले सत्तावीस, खरे. पोराने बाहेर येऊन सगळ्यांदेखत माझी माफी मागितली आणि म्हणाला, खडू तुमचाच. मग कानांच्या खोलीत पाठवलं, या वयात सगळ्यांनाच पाठवतात. काचेची खोली असते, कानाला बोंडं लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. मी बोट बटणावर ठेवून बराच वेळ बसून राहिलो. आवाज काही येईना, म्हणून उठून दार उघडलं आणि त्या मुलीला म्हटलं, बाई, यंत्र चालू करा. यंत्र चालूच होतं.